गच्चीवरच्या यंत्राची गवसणी

त्या शहराला झाकायचं वेड होतं. संध्याकाळी भट्टीचा भोंगा वाजला रे वाजला की घराघरांत बायकांची धांदल उडायची. पाण्याच्या पिंपावर ताट, टीव्हीवर चादर, शिलाई मशिनवर जुना टॉवेल, दोरीवरचे कपडे आत, खिडक्या बंद. खाणीतला दगड भट्टीत वितळवून त्यातून शिसं काढायचे, आणि दिवसभर कोंडलेली भट्टी त्या वेळेला धुराड्यातून मोकळी व्हायची. सकाळी उठून बघावं तर झाकलेल्या प्रत्येक गोष्टीवर करडी धूळ. बायका ती झटकायच्या, भट्टीच्या नावानं बोटं मोडायच्या आणि भट्टीच्याच पगारातून आणलेल्या साखरेचा चहा करायच्या. करणार काय, पोट काही झाकून ठेवता येत नाही.

या झाकाझाकीत सगळ्या शहरात पहिला नंबर कुणाचा लागला असता, तर शाळेतल्या मावशींचा. घंटा देणं, वर्ग उघडणं, झाडणं, पुसणं, कुलपं लावणं हे त्यांचं काम. मुलांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. शाळेतल्या प्रत्येक संगणकाला त्यांनी शिवलेली गवसणी होती, सूक्ष्मदर्शकाला होती, बाजाच्या पेटीला होती. मुख्याध्यापक खुर्चीत जरा जास्त वेळ स्वस्थ बसले तर मावशी त्यांच्यावरही चादर टाकतील, असं शिक्षक आपापसांत म्हणायचे. मावशींच्या कानावर ते आलं होतं. त्या म्हणाल्या, "टाकली तर निदान ते तरी स्वच्छ राहतील."

अशा बाईच्या ताब्यात कुणी तरी हवा मोजायचं यंत्र दिलं. चूक म्हणाल तर तिथूनच सुरू झाली.

प्रदूषण खात्याची माणसं एक दिवस आली आणि शाळेच्या गच्चीवर ते यंत्र बसवून गेली. पुरुषभर उंचीची पत्र्याची पेटी, तिच्यातून वर निघालेली नळी, नळीच्या टोकाला उपड्या वाडग्यासारखी टोपी. यंत्र हवा आत ओढणार, तिच्यात काय आहे ते मोजणार, आणि त्याचा निकाल मोठ्या चौकातल्या फलकावर दिसणार. हवा चांगली असेल तर हिरवा दिवा, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. गच्चीची किल्ली मावशींच्या हातात देऊन त्यांच्यातला एक जण म्हणाला, "सांभाळा हं मावशी, महागाचं आहे." एवढंच म्हणाला. सांभाळणं म्हणजे काय करायचं, हे मावशींना कुणी शिकवायची गरज नव्हती. चार दिवसांत त्यांनी जुन्या चादरीची छानपैकी गवसणी शिवली. टोपीवरून खाली पेटीपर्यंत येणारी, तळाला नाडी ओढून घट्ट बांधायची. भोंग्याच्या आधी स्टुलावर चढून घालायची, सकाळी शाळा उघडली की काढायची. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्या तेवढ्यासाठी शाळेत जायच्या.

यंत्र तपासायला खात्याचा माणूस यायचा तो भर दुपारी. त्याला ते कायम उघडंच दिसलं, आणि लख्ख पुसलेलं. तो म्हणायचा, "एवढं चकाचक यंत्र मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही." मावशी नुसत्या हसायच्या. रोजच्या कामाचं काय कौतुक सांगायचं?

गवसणी बघितली ती एकट्या भट्टीच्या साहेबानं. हा साहेब कंपनीतर्फे गावातल्या शाळा, दवाखाने, बागा बघायचा. गोड बोलायचा, सगळ्यांची विचारपूस करायचा. एका संध्याकाळी तो गच्चीवर आला, तेव्हा मावशी नाडी बांधत होत्या. तो बराच वेळ बघत राहिला.

"हे रोज घालता?"

"रोज. नाही तर सकाळपर्यंत काळं ठिक्कर पडेल हो."

"छान," साहेब म्हणाला. "अशीच काळजी घेत जा."

आठवडाभरात त्यानं कॅनव्हासची नवी गवसणी पाठवून दिली. जाड, दुहेरी, अगदी मापात शिवलेली. वर मुख्याध्यापकांसमोर म्हणाला, की अशी माणसं आहेत म्हणून संस्था चालतात. मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चौकातला दिवा हिरवा, साहेब खूश, यंत्र चकचकीत.

आणि त्या हिरव्या दिव्याच्या जोरावर मावशींनी आपली लेक माघारी आणली.

लेक लग्न होऊन दूर गेली होती. मावशींचे यजमान भट्टीवरच होते. खोकून खोकून गेले. तेव्हापासून दोन खोल्यांत मावशी एकट्याच. मग जावयाला भट्टीवर चांगली नोकरी लागायची वेळ आली आणि लेक अडून बसली. फोनवर म्हणाली, "आई, मला नाही आणायचं पोराला तिथे. बाबांचं काय झालं ते बघितलंय ना मी."

"ते तुझ्या बाबांच्या वेळचं गाव राहिलंय का आता?" मावशी म्हणाल्या. "यंत्र बसवलंय. माझ्याच ताब्यात आहे. दिवा बघ येऊन, कायम हिरवा. अगं, मी तुला खोटं सांगेन का?"

खोटं त्या सांगत नव्हत्याच. लेक आली, जावई आला आणि नातू आला. दुधाच्या भांड्यात तोंड घालायचा म्हणून त्याला सगळे बोका म्हणायचे. रांगत रांगत त्यानं दोन्ही खोल्या ताब्यात घेतल्या. मावशींना घरी जायची घाई होऊ लागली, ती कित्येक वर्षांत पहिल्यांदा. भोंगा वाजला की आजीची धावपळ बोका मोठ्या गंभीरपणे बघायचा. लवकरच तोही शिकला. इवलासा हात वर करून म्हणायचा, "झाक." मग आपला छोटा रुमाल घेऊन चेंडूवर टाकायचा, वाटीवर टाकायचा, एकदा तर झोपलेल्या बापाच्या नाकावर टाकला. सगळं घर हसून हसून बेजार.

शनिवारी मावशी गवसणी धुवायला घरी आणायच्या. आधी गॅलरीत चांगली झटकायच्या, मग न्हाणीघरात बादलीत भिजवायच्या. पाणी काळंशार व्हायचं. बोका बादलीला धरून उभा राहायचा, फेसात दोन्ही हात बुचकळायचा आणि हात थेट तोंडात. आजी त्याच्या हातावर चापट मारायची, तो खिदळायचा, परत हात घालायचा.

पुढे पुढे बोका खिदळेनासा झाला. आधी जेवण सुटलं. मग पोट धरून रडू लागला, बारीकसारीक कारणावरून किंचाळू लागला. आई, बाबा, चेंडू असे शब्द बोलायचा, त्यातले काही गळून गेले. झाक तेवढं राहिलं. "दात येत असतील," मावशी म्हणायच्या. लेकीला ते पटेना. ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि निकाल आला तेव्हा दोघींना समोर बसवलं.

"रक्तात शिसं आहे," त्या म्हणाल्या. "बरंच आहे. एवढ्या लहान मुलात ते मेंदूवर परिणाम करतं. शिकणं, बोलणं मागे पडतं. औषध देऊ, पण शिसं आत जायचं थांबलं नाही तर औषधाचा उपयोग नाही."

"हवेतून?" लेकीनं विचारलं.

"मलाही आधी तेच वाटलं होतं. पण फलकावरचे आकडे चांगले आहेत. म्हणजे घरातच काही तरी असणार. शोधा."

मग त्या घरात जी शोधाशोध झाली ती काय सांगावी. रंगीत खेळणी गेली. पलंगाचा रंग खरवडून काढला. यजमानांच्या वेळचं एक जुनं पातेलं होतं, तेही भंगारात गेलं. शेवटी सगळा राग बिचाऱ्या जावयावर आला. "तूच आणतोस अंगावरून," लेक म्हणाली. तो भट्टीवर अंघोळ करूनच यायचा, तरी दाराबाहेर कपडे काढून कुडकुडत उभा राहू लागला. पोराला जवळ घ्यायला घाबरू लागला. एकदा मावशींनी बघितलं, तो बोक्याला लांबूनच टाळ्या वाजवून दाखवत होता आणि डोळे पुसत होता. मावशींना गलबलून आलं.

लेक एका रात्री जेवताना म्हणाली, "दिवा हिरवा आहे म्हणून थांबलेय मी. नाही तर एक दिवस राहिले नसते." हे परत गेले तर मग परत त्या आणि त्या दोन खोल्या.

पुढच्या खेपेला खात्याचा माणूस आला तेव्हा मावशींनी त्याला चहा दिला. तो यंत्राच्या पोटातली कागदाची चकती बदलत होता. यंत्र ओढतं त्या हवेतली धूळ त्या चकतीवर बसते, असं त्यानं सांगितलं. जुनी चकती उजेडात धरून तो म्हणाला, "तुमचं गाव भारीच आहे मावशी. भट्टी एवढी मोठी आणि चकती बघा, जवळजवळ पांढरी. ही बघा शेजारच्या गावातली." त्यानं पिशवीतून दुसरी काढून पुढे धरली. करडी होती ती, किंचित चकाकणारी.

मावशींनी ती चकती बघितली. तो रंग त्या दर शनिवारी बघत होत्या, बादलीच्या तळाशी.

"हवा यंत्रात जायच्या आधी कापडातून गाळली," त्यांनी हळूच विचारलं, "तर काय होईल?"

"होईल काय, चकती पांढरी राहील," तो हसत म्हणाला. "पण असं कोण कशाला करेल?"

त्यानं कप खाली ठेवला आणि गेला. मावशी गच्चीवर तशाच बसून राहिल्या. खाली मुलं कवायत करत होती, एक दोन तीन चार. त्यांच्या पायाखालची धूळ उडत होती. इतके दिवस भट्टीची घाण आपण आपल्या हातानं कापडात भरून घेतली, फलकाला दाखवली नाही, आणि वर घरी नेऊन नातवाच्या अंघोळीच्या बादलीत ओतली.

आता तुम्ही म्हणाल, त्या तडक घरी गेल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. नाही सांगितलं. माणूस आपल्याच मनाला किती सफाईनं शेंडी लावतो, बघा. मावशींनी हिशोब मांडला, की पोराला बाधलं ते बादलीतलं पाणी. गवसणी घरी न्यायची नाही, शाळेतच धुवायची. गॅलरी चार वेळा पुसायची. पोर बरं होईल, दिवा हिरवा राहील, लेक राहील. कुणाला काही सांगायची गरजच काय? त्या संध्याकाळी त्यांनी गवसणी घातली आणि नाडी नेहमीसारखीच घट्ट बांधली. घरी जाऊन न्हाणीघर घासघासून धुतलं. लेक म्हणाली, "आई, किती राबतेस गं." त्यांनी मान वर केली नाही.

बोक्याला औषध चालू होतं. मावशी त्याला तळहाताच्या फोडासारखं जपत होत्या. खिडकीत बसू देत नव्हत्या, हात सतत धूत होत्या. पण पोर बाहेर खेळणारच, खिडकीची चौकट चाटणारच, श्वास घेणारच. पुन्हा रक्त तपासलं. उतार पडायला हवा होता, तो नव्हता. उलट थोडं चढलंच होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मला कळत नाहीये. अजून काही तरी राहिलंय." बोका आजीच्या मांडीवर होता. त्यानं टेबलावरच्या पेल्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "झाक."

त्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा मावशी गच्चीवर होत्या. गवसणी त्यांच्या हातात होती. शाळेशेजारच्या घरांत खिडक्या बंद होत होत्या, कुणी तरी कपडे ओढून घेत होतं. धुराड्यातून पहिला लोट निघाला आणि वाऱ्याबरोबर शाळेकडे वळला. मावशींनी गवसणीची घडी घातली, काखोटीला मारली आणि गच्चीला कुलूप लावून त्या खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी चौकात ही गर्दी. दिवा लाल होता. लोक तोंडात बोट घालून बघत होते. पानवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांचं एकच मत, यंत्र बिघडलं. एवढे दिवस हिरवा आणि आज एकदम लाल, असं कसं होईल? एक जण तर म्हणाला, दिवाच उलटा बसवला असेल.

साहेब मात्र चौकात थांबला नाही. तो सरळ शाळेत आला आणि मावशींना व्हरांड्यात गाठलं.

"मावशी, काल गवसणी घालायची राहिली वाटतं."

सगळ्या शहरात एकाही माणसाला जे सुचलं नव्हतं, ते हा आल्या आल्या बोलला.

"तुम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"मला काय ठाऊक असणार?" साहेबाचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. "सुरुवात तर तुम्हीच केलीत. मी फक्त कापड चांगलं दिलं." मग तो थोडा पुढे वाकला. "हे बघा, दिवा लाल राहिला तर माणसं जाणार. तुमची लेकही जाणार, हो ना? कशाला पाहिजे तो उपद्व्याप? आज आठवणीनं घाला. दोन दिवसांत सगळं विसरतील."

तो गेल्यावर मावशी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. इतका अपमान त्यांचा आयुष्यात कुणी केला नव्हता, आणि तो आत्ताचा नव्हता. मुख्याध्यापकांसमोर त्यानं कौतुक केलं होतं तेव्हाचा होता. तेव्हा आपण घरी जाऊन आरशात बघून हसलो होतो, हे त्यांना आठवलं.

घरी लेक दारातच उभी होती. "आई, दिवा लाल झालाय. यंत्र बिघडलंय म्हणतात. खरं का?"

नुसतं "हो" म्हटलं असतं की मिटलं असतं. बोका जमिनीवर चेंडू घेऊन बसला होता.

"यंत्र आज पहिल्यांदा धड चाललंय," मावशी म्हणाल्या. "खाली बस. जावईबापूंनाही बोलाव."

त्यांनी सगळं सांगितलं. चादरीची गवसणी, साहेबाची गवसणी, बादली, चकती. आणि चकती बघितल्यावरही आपण गप्प राहिलो, हेही. जावई खाली बघत होता. लेक एकटक आईकडे बघत होती.

"मी याला बोल बोल बोलले," लेक नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तू बघत होतीस. थंडीत दाराबाहेर उभा राहायचा, तू बघत होतीस. चकती बघितल्यावरसुद्धा."

"हो."

"का, आई?"

"तुम्ही गेला असतात."

लेक ओक्साबोक्शी रडली. मावशी जवळ गेल्या तेव्हा तिनं हात झिडकारला. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

गाशा गुंडाळायला फार दिवस लागले नाहीत. जावयानं त्याच्या जुन्या गावी पूर्वीचं काम परत मिळवलं. डॉक्टरबाईंना लेकीनं सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी डोकं धरलं आणि मग दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मुलाचं रक्त तपासायला सुरुवात केली. दिवा लालच होता. लोक अजून यंत्रालाच शिव्या देत होते, पण काहींनी डॉक्टरबाईंच्या दारात पोरं कडेवर घेऊन रांग लावली होती.

निघायच्या दिवशी मावशी गाडीपर्यंत सामान घेऊन गेल्या. लेक त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. गाडी सुटायच्या आधी मात्र ती दुसरीकडे बघत म्हणाली, "तू पण चल आई. इथे राहून काय करणार आहेस?"

किती वाट बघितली होती मावशींनी या वाक्याची. गळ्यात दोरीला अडकवलेली गच्चीची किल्ली त्यांनी हातानं चाचपली.

"ही कुणाला देऊ?" त्या म्हणाल्या. "साहेबानं दुसरं कापड शिवून ठेवलंच असेल. मी गेले की दुसऱ्या दिवशी यंत्रावर चढेल. इथे अजून पोरं आहेत गं."

लेकीनं आईचा हात धरला, थोडा वेळ, आणि सोडला.

तेवढ्यात लांबून भोंगा वाजला. गाडीच्या थांब्यावरच्या बायकांनी सवयीनं पिशव्यांची तोंडं बंद केली. बापाच्या कडेवरून बोका वळला, त्यानं आजीकडे बघितलं. मग स्वतःच्या खिशातला छोटा रुमाल ओढून काढला, पुढे वाकला आणि आजीच्या डोक्यावर टाकला. रुमाल एवढासा, तो कपाळावरून घसरून डोळ्यांवर आला.

"झाक," बोका म्हणाला.

गाडी निघून गेली तरी मावशींनी रुमाल काढला नाही. डोळ्यांवर तो तसाच धरून त्या थांब्यावर उभ्या होत्या. मग त्यांनी तो घडी करून कमरेला खोचला आणि यंत्र उघडं आहे ना, ते बघायला शाळेकडे गेल्या.